स्नेही नव्हे, आप्त

पर्यटनाच्या पत्रकांत की वेस्टचे वर्णन बहुधा तीन विशेषणांत उरकलेले असते: ऐतिहासिक, समुद्रकाठचे आणि समलिंगी-स्नेही. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापलीकडचे, क्यूबापासून सुमारे ९० मैलांवरचे हे बेट आम्ही पाहिले आहे. पहिल्या दोन विशेषणांविषयी आमची तक्रार नाही. आमचा आक्षेप तिसऱ्यावर आहे. मात्र संस्कृतिरक्षकांनी एवढ्यात टाळ्या पिटू नयेत. आमचा आक्षेप त्यांच्या नेमका उलट दिशेचा आहे.

'स्नेही' हा शब्द आपल्याला लग्नपत्रिकेतून परिचित आहे. तिथे 'आप्तेष्ट व स्नेही' असे लिहितात, आणि त्या दोहोंतला भेद कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. आप्त घरचे आणि स्नेही बाहेरचे. स्नेह्याचे स्वागत होते, त्याला पंगतीत मानाने बसवले जाते आणि मग त्याने आपल्या घरी जावे अशी अपेक्षा असते. एखाद्या गावाला 'समलिंगी-स्नेही' म्हटले की गाव दुसऱ्या कोणाचे तरी आहे आणि समलिंगी माणसे तिथली पाहुणी आहेत, हे आपण न बोलता मान्य केलेले असते. की वेस्टच्या बाबतीत हे गृहीतक वस्तुस्थितीला धरून नाही.

एकोणिसाव्या शतकात खडकांवर फुटलेल्या जहाजांचा माल वाचवून आणि पुढे सिगार वळून श्रीमंत झालेले हे गाव १९३४ पर्यंत दिवाळखोर झाले होते. १९७४ मध्ये नौदलाचा मोठा तळ बंद झाला आणि उरलासुरला आधारही गेला. जुनी लाकडी घरे कुजत पडली होती. ती विकत घेऊन, दुरुस्त करून, रंगवून ज्यांनी पुन्हा उभी केली, त्यांत समलिंगी पुरुषांचा वाटा मोठा होता. त्यातून घरांच्या किमती चढल्या आणि अनेक जुन्या रहिवाशांना बेट परवडेनासे झाले, हेही सांगितले पाहिजे. पण आज प्रवासी ज्याला 'ऐतिहासिक' म्हणून न्याहाळतो, त्यातले बरेचसे या माणसांच्या श्रमाने टिकले आहे. म्हणजे पहिले विशेषण तिसऱ्याच्या ऋणात आहे. १९८३ मध्ये या गावाने रिचर्ड हेमन यांना महापौर निवडले. उघडपणे समलिंगी असलेल्या अमेरिकेतील पहिल्या काही महापौरांपैकी ते एक. १९९४ मध्ये एड्सने त्यांचा मृत्यू झाला. स्वतःच्या महापौरालाही गाव 'स्नेही' म्हणणार काय?

आता आमच्याच पापाकडे वळतो. साहित्याचा माणूस की वेस्टला जातो तो हेमिंग्वेच्या घरी. आम्हीही गेलो. सहा बोटांच्या मांजरी पाहिल्या. जुलैमध्ये हेमिंग्वेसारख्या दिसणाऱ्या पुरुषांची स्पर्धा भरते, ही माहितीही टिपून घेतली. परत आल्यावर महाविद्यालयाच्या वार्षिकात लेख लिहिला. त्यात मांजरींना दीड पान, टेनेसी विल्यम्स यांना एक ओळ आणि एलिझाबेथ बिशप यांना तीही नाही. वस्तुतः हेमिंग्वे या घरात १९३१ पासून जेमतेम दशकभर राहिले, तर विल्यम्स यांचे डंकन स्ट्रीटवरील साधेसे घर १९८३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, तीस वर्षांहून अधिक काळ, त्यांच्याकडे होते. बिशप यांनी १९३८ मध्ये लुईझ क्रेन यांच्यासह व्हाइट स्ट्रीटवर घर घेतले. तोच रस्ता जिथे समुद्राला भिडतो, तिथे एड्सने गेलेल्या बेटवासीयांची नावे कोरलेले स्मारक १९९७ पासून आहे. आम्ही तिथे उभे राहून समुद्राचे छायाचित्र काढले.

लेख वाचून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, विल्यम्स तिथे एकटेच राहायचे का?" आम्ही म्हणालो, "हो, बहुधा."

हे खोटे होते आणि ते खोटे आहे हे आम्हांला ठाऊक होते. विल्यम्स यांचे सहचर फ्रँक मर्लो १९६३ मध्ये वारले. त्याआधीची अनेक वर्षे ते विल्यम्स यांच्यासोबत होते. 'द रोझ टॅटू' हे १९५१ चे नाटक त्यांनाच अर्पण केलेले आहे. अर्पणपत्रिका हा ग्रंथाचा भाग असतो, ती काही गावगप्प नव्हे.

यावर आमच्या व्यवसायातले ठरलेले उत्तर असे की, लेखकाचे खासगी जीवन आणि त्याची कलाकृती यांची गल्लत करू नये. तत्त्व उत्तम आहे. परंतु हेच तत्त्व हेमिंग्वेच्या चार विवाहांची हकीकत वर्गात रंगवून सांगताना आम्हांला कधी आठवले नाही. की वेस्टचे घर दुसऱ्या पत्नीच्या काकांच्या पैशाने घेतले, हेही आम्ही चवीने सांगतो. मग हे तत्त्व नसून सोय आहे.

शब्दावरून एवढा वाद कशाला, असेही कोणी म्हणेल. स्नेह काढून घेता येतो, म्हणून. याच गावात १९७९ मध्ये विल्यम्स यांच्यावर भर रस्त्यात हल्ला झाला. २००० मध्ये 'एकच मानवकुटुंब' हे नगराचे अधिकृत ब्रीद झाले. २००३ मध्ये ड्यूव्हाल स्ट्रीटवर एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत इंद्रधनुषी ध्वज पसरला गेला. २०१५ मध्ये त्याच रस्त्यावर इंद्रधनुषी पादचारी पट्टे आले आणि २०२५ मध्ये राज्यसरकारच्या धोरणापायी पुसले गेले. पाहुण्याचे पान असेच उचलले जाते.

आपल्याकडे निराळे काय आहे? 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आले, 'कोबाल्ट ब्लू' २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा जाच दूर केला. तरीही वर्गात हा विषय निघाला की आम्ही 'सहानुभूतीने पाहिले पाहिजे' असे म्हणतो आणि पान उलटतो. समोरच्या बाकांवर ज्यांच्याविषयी बोलायचे तीच मुले बसलेली असू शकतात, हे आम्ही ध्यानात घेत नाही. ती या भाषेची आणि या वर्गाची आप्त आहेत.

तो विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला. पुन्हा त्याने आम्हांला काही विचारले नाही. त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर उशिरा का होईना, इथे नोंदवतो: नाही, ते एकटे राहत नव्हते.