विधेयकाचा माग काढा

कायदा संमत झाल्यावर मोर्चा काढणे म्हणजे वरातीमागून घोडे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये विधानसभेत प्रथम मांडले गेले. डिसेंबरमध्ये, नव्या विधानसभेत, ते पुन्हा आले आणि संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे बारा हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. विधेयक थांबले नाही. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते संमत केले. तथापि तपासाचा अधिकार उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षकाकडे गेला. हा पालट झाला तो समितीच्याच टप्प्यावर. म्हणून रत्नागिरीतील कार्यकर्त्यांनी प्रत्येक अधिवेशनात मांडल्या जाणाऱ्या विधेयकांची प्रत मिळवावी, ती कलमवार वाचावी आणि समितीची मुदत टळण्यापूर्वी आपले म्हणणे लेखी धाडावे. कोणत्या शब्दापायी कोण तुरुंगात जाईल, हे तेथेच ठरते.