बरणीतलं फुलपाखरू आणि रस्त्याकडेची रुई

स्पष्टच सांगतो. घरात अंड्यापासून फुलपाखरू वाढवणं ही सुंदर गोष्ट आहे, पण त्याला 'निसर्ग वाचवणं' म्हणणं ही थाप आहे. आणि ही थाप हल्ली रीलमधून फार गोड आवाजात सांगितली जाते. बरणी, बरणीत अळी, मग कोष, मग पंख, मागे पियानो आणि शेवटी 'आणखी एक जीव वाचवला'.

ही कथा आपण अमेरिकेतून उचलली. तिथलं मोनार्क हे फुलपाखरू हिवाळ्यासाठी हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोच्या डोंगरांत जातं. त्याच्या अळ्या फक्त मिल्कवीड नावाच्या चिकाळ तणावर जगतात. मका-सोयाबीनच्या शेतांत तणनाशकाचा मारा झाला, मिल्कवीड गेलं, मोनार्क घटलं. मग लोकांनी अंडी घरी आणून वाढवायला सुरुवात केली. भावना चांगली होती. पण २०१९ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की घरात वाढलेल्या मोनार्कना दक्षिणेची दिशा नीट धरता येत नाही. बाहेर सोडल्यावर काहींना ती पुन्हा सापडते, असंही नंतरच्या अभ्यासात दिसलं. पण दाटीवाटीत वाढवलं की रोग पसरतात, यावर फारसा वाद नाही. तिथल्या कीटक-संवर्धन संस्थाच आता सांगतात, की शेकड्यांनी वाढवून सोडू नका, झाडं लावा.

आपल्याला मोनार्क लागतच नाही. त्याचा सख्खा चुलतभाऊ कुडाळात रुईवर बसलेला असतो. नारिंगी पंख, काळी-पांढरी टोकं, नाव प्लेन टायगर. मादी रुईच्या पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडं चिकटवते, खसखशीच्या दाण्याएवढं. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि आधी स्वतःच्या अंड्याचं टरफल खाते. पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. मोनार्कच्या अळीला दोनच असतात. मोठी अळी पान खाण्याआधी त्याची शीर कुरतडते, म्हणजे चीक तिथेच वाहून जातो. रुईचं विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. चार वेळा कात टाकून ती लटकते आणि सोनेरी ठिपक्यांचा कोष होतो.

मी हे घरी करतो. एका वेळी दोन-तीन अळ्या, रोज ताजी पानं, जाळीचा डबा, रोज विष्ठा साफ. शेजारची काकी विचारते, "किडे कित्याक पोसतंस?" उत्तर सोपं आहे. बघण्यासाठी. एकदा शीर कुरतडताना बघितलं, की तुम्ही रुईला 'रान' म्हणू शकत नाही. घरी वाढवण्याचा फायदा एवढाच, आणि तो काही कमी नाही.

पण 'बाहेर बहुतेक अळ्या मरतात, म्हणून आत आणतो' हा युक्तिवाद मला मान्य नाही. मरतात, खरंय. त्यांच्यावर गांधीलमाश्या जगतात, परजीवी माश्या जगतात, मुंग्या, कोळी जगतात. मादी शेकडो अंडी घालते ती हा हिशोब धरूनच. तिच्या हिशोबात न बसणारी गोष्ट एकच आहे: अंडं घालायला झाडच नसणं.

आणि झाड आपणच घालवतोय. रस्त्याची कड 'साफ' करायला पंप फिरतो. आंब्या-काजूच्या बागेत बेणणी परवडत नाही म्हणून पंप. अंगणात जमिनीऐवजी फरशी. ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली, की ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीडनियंत्रण चालकांनीच करावी. कागदावर उत्तम! वाडीवाडीत पंप पाठीवर असतो तो रोजंदारीच्या गड्याच्या, अनेकदा हातमोज्यांशिवाय. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची आणि सोमवारी त्याच रुईवर औषध मारायचं, ही कसली भक्ती?

राज्य फुलपाखराचंही तेच. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळीला तो मान दिला. देशात असं करणारं आपलं पहिलं राज्य. तिची अळी लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढते. आणि दारातल्या लिंबावर अळी दिसली, की आपण काय करतो? फवारतो. मग मोबाईलच्या वॉलपेपरवर राणी पाकोळी ठेवतो.

कुणी म्हणेल, रुईचा चीक डोळ्यात गेला तर? धोका खरा आहे. पान तोडलंत तर हात धुवा, लहान मुलांना तोडू देऊ नका. रुई उंबऱ्यात लावा असं मी म्हणतच नाही. गडग्याच्या पलीकडे, रस्त्याकडेला जी आपोआप उगवते, तिला तिथे राहू द्या एवढंच म्हणतो. त्यासाठी किट लागत नाही, पैसे लागत नाहीत.

लागतो तो थोडा वाईटपणा. ग्रामसभेत किंवा नगरपंचायतीत उठून विचारावं लागतं, की रस्त्याच्या कडेला तणनाशक कुणाच्या परवानगीने मारलं? गवत कापायचंच तर एकदम सगळं का, आज ही बाजू आणि पुढच्या महिन्यात ती असं का नाही? लोक हसतील. 'किड्यांसाठी अर्ज' म्हणतील. हसू द्या.

अळी जरूर वाढवा, रीलही टाका. फक्त त्या रीलमध्ये अळी जिथून उचललीत ती रुई दाखवा, आणि सहा महिन्यांनी ती जागेवर आहे का, तेही दाखवा. नसेल, तर तुमच्या बरणीतून उडालेली मादी अंडी कुठे घालणार, याचं उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे.