वाऱ्याचा डोळा

‘ब्लॅकबोर्ड’ किंवा ‘रेल्वे’ हे इंग्रजी जोडशब्द आहेत, हे शाळकरी मुलालाही उमगते. ‘विंडो’ या शब्दातील सांधा मात्र सहसा कोणास दिसत नाही. तथापि तोही सामासिकच आहे, आणि त्याचे दोन्ही घटक आपल्या नात्यातले आहेत.

हा शब्द इंग्लंडात जन्मलेला नाही. इ. स. 793 मध्ये उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांनी लिंडिसफार्नच्या मठावर धाड घातली. पुढे त्यांच्यापैकी बरेच जण इंग्लंडातच शेतीवाडी करून राहिले. घरे शेजारी आली, तसे शब्दही आले. त्यांच्या नॉर्स भाषेत झरोक्यास ‘विंदाउगा’ म्हणत. ‘विंद’ म्हणजे वारा आणि ‘आउगा’ म्हणजे डोळा. सामान्यांच्या घरी काच कोठली? उजेड आत यावा, धूर बाहेर जावा, म्हणून ठेवलेले ते भोक. त्यातून वारा येणारच! इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्दही ‘डोळा’ आणि ‘छिद्र’ यांचाच होता. तो लोपला, त्यातले छिद्र तेवढे ‘नॉस्ट्रिल’ म्हणजे नाकपुडी या शब्दात अद्याप शिल्लक आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी लेखनात पाहुणा शब्द आढळू लागतो. पुढे उच्चार झिजत गेला, आणि त्यातला डोळा पार मिटला.

आता आपल्याकडे पाहा. ‘विंड’ हा आपल्या ‘वात’ शब्दाचा, तर ‘आय’ हा ‘अक्षि’चा दूरचा भाऊबंद. संस्कृतात खिडकीला दोन सुरेख नावे आहेत: ‘वातायन’ आणि ‘गवाक्ष’. एकाने वारा घेतला, दुसऱ्याने बैलाचा डोळा. म्हणून ‘विंडो’ संस्कृतातून निघाला, असे मात्र कृपया समजू नये. आपल्यातील काही उत्साही मंडळींना असा मोह फार लवकर होतो. घडण स्वतंत्र आहे, केवळ धातूंचे कूळ एक.

पोर्तुगीजांचा ‘जनेला’ निराळ्या घराण्यातला. त्याचे मूळ लॅटिनमधील दारवाचक शब्दात आहे. गोव्यात त्याचे ‘जनेल’ झाले, बंगालीत ‘जानाला’, तमिळात ‘जन्नल’. कोलकात्यात वा चेन्नईत बिऱ्हाड केलेल्या मराठी कुटुंबांच्या कानी तो नित्य पडत असेल. गंमत अशी की, आपली ‘खिडकी’देखील प्राकृतात बाजूचे लहान दारच होती.

नॉर्स लोकांनी इंग्रजीला दिलेला आणखी एक घरगुती जोडशब्द म्हणजे ‘हजबंड’. त्याच्या पोटात एक आख्खे घर दडलेले आहे; त्याविषयी पुढील अंकी.