अभ्यासिकेत दिवा लागला, पुढे काय?

परीक्षा जवळ आल्या की वस्त्यावस्त्यांतून अभ्यासिकांची मागणी होऊ लागते. एका खोलीत सहा-सात माणसे राहणाऱ्या घरातील मुलाला शांत कोपरा मिळणे ही मोठीच गोष्ट आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत रामजी सुभेदार भीमरावांना लवकर निजवीत व रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले ते अशा परिस्थितीत. परंतु जागा आणि दिवा दिला की काम संपले, अशी जी समजूत अनेक कार्यकर्त्यांची झालेली दिसते, ती तपासून पाहिली पाहिजे.

अभ्यासिकेत मुले करतात काय? तोच धडा पुनःपुन्हा वाचतात, गाईडातील उत्तरांखाली रेघा ओढतात. ओळी ओळखीच्या होतात आणि विषय आला असे वाटू लागते. रोडिगर व कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा भ्रम उघडा पडला. उतारा वारंवार वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. आठवड्यानंतर मात्र, उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढणारे पुढे गेले. गंमत अशी की, अधिक आत्मविश्वास होता तो वाचणाऱ्यांनाच! एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा दिवसांवर विभागलेली उजळणी कमी श्रमाची ठरते, हे तर एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखविले होते.

खाजगी क्लासची फी भरून सधन घरातील मुलगा जे विकत घेतो, त्यात नियमित चाचणी आणि चूक दाखविणारा माणूस यांचा वाटा मोठा असतो. हे वस्तीतही होऊ शकते. जुन्या प्रश्नपत्रिका, पाठकोरे कागद, दोघादोघांनी एकमेकांना विचारलेले प्रश्न, आणि उत्तरे तपासायला आठवड्यातून एक संध्याकाळ देणारा एखादा शिक्षक. आज वाचलेले उद्या आठवून पाहावे, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने.

एवढ्याने विषमता हटणार नाही, हे उघड आहे. रात्री उशिरापर्यंत टपरीवर कपबश्या विसळणाऱ्या मुलाला आधी झोप हवी. तिच्यावाचून वाचलेले टिकत नाही, आणि तो प्रश्न अभ्यासिकेच्या आवाक्याबाहेरचा आहे. जे आवाक्यात आहे तेही वेळेवर होत नाही. विभागून उजळणी करायची तर अभ्यासिका जूनमध्ये सुरू झाली पाहिजे. बहुतेक ठिकाणी तिची फीत कापली जाते ती जानेवारीत.