शालेय ताटातील स्थानिक भाजी आणि फवारणीची वही

विदर्भाच्या सीमेपलीकडील जबलपूर शहरात रांझी हा भाग प्रामुख्याने संरक्षण साहित्याच्या कारखान्यांमुळे ओळखला जातो. कामगारांच्या या वस्तीबाहेर थोड्याच अंतरावर शेती सुरू होते. 'एक जिल्हा एक उत्पादन' उपक्रमात जबलपूरचे पीक म्हणून हिरवा मटार निवडला गेला आहे, आणि १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय याच शहरात आहे. पीक जवळ, संशोधन जवळ आणि शाळाही जवळ. अशा ठिकाणी मुलांच्या माध्याह्न भोजनात परिसरातील उत्पादन यावे, ही मागणी स्वाभाविक आहे आणि ती विदर्भातील गावांनाही तितकीच लागू पडते.

मात्र 'स्थानिक' म्हणजे 'सुरक्षित' असे गृहीत धरण्याची जी सवय या चर्चेत दिसते, ती घातक आहे.

प्रधानमंत्री पोषण योजनेत तांदूळ-गहू केंद्राकडून येतो. स्थानिक शेतकऱ्याला वाव आहे तो मुख्यतः डाळी आणि भाजीपाल्यात. प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे दररोज ५० ग्रॅम व उच्च प्राथमिकसाठी ७५ ग्रॅम भाजीचे प्रमाण ठरलेले आहे. २०० मुलांच्या प्राथमिक शाळेला म्हणजे दिवसाला अवघी १० किलो भाजी लागते. दोन-तीन बागायतदारांना हे सहज पेलणारे आहे. अडचण प्रमाणाची नसून तोडणीच्या वेळापत्रकाची आहे.

भेंडीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. भेंडी एक-दोन दिवसांआड तोडावी लागते, अन्यथा ती जून होते. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी वापरल्या जाणाऱ्या इमामेक्टिन बेंझोएटचा भेंडीवरील प्रतीक्षा कालावधी ५ दिवसांचा आहे. म्हणजे फवारणीनंतरचे एक-दोन तोडे खाण्यासाठी देता येत नाहीत. हेच औषध हरभऱ्यावर फवारले, तर १४ दिवस थांबावे लागते. औषध एकच, पण पिकागणिक दिवस वेगळे. मोठ्या बाजारात हा माल कोणाच्या शेतातून आला आणि केव्हा फवारला गेला, हे कोणालाही सांगता येत नाही. शाळेला पुरवठा करणारा शेतकरी मात्र नावानिशी ठाऊक असतो. स्थानिक पुरवठ्याचा खरा लाभ हाच आहे. ताजेपणा त्यानंतर येतो.

हा लाभ पदरात पडायचा, तर पुरवठादाराने फवारणीची वही ठेवली पाहिजे: पीक, औषध, तारीख आणि तोडणीस मोकळे होण्याचा दिवस, एवढ्या चारच रकान्यांची. त्याचबरोबर शाळेनेही आठवड्याचा भाजीचा तक्ता लवचिक ठेवला पाहिजे. भेंडी थांबलेल्या आठवड्यात दुधी किंवा भोपळा चालला पाहिजे. तक्त्यात भेंडी लिहिली आहे म्हणून भेंडीच हवी, असा आग्रह धरणारी शाळा शेतकऱ्याला अप्रत्यक्षपणे नियम मोडावयास लावते.

बिहारमधील सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतील भोजनानंतर २३ बालके दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले होते. तो दोष शेतातील फवारणीचा नव्हता, साठवणुकीचा होता. पण औषधाचा डबा आणि खाण्याचा जिन्नस एका छताखाली येऊ नयेत, हा धडा पुरवठादार शेतकऱ्याच्या घरालाही लागू आहे. औषधाच्या रिकाम्या डब्यातून धान्य किंवा तेल आणणे तर सर्वथा वर्ज्य.

मंडला-दिंडोरीकडील कोदो-कुटकी शालेय आहारात आणण्याचा आग्रहही योग्यच आहे. तथापि, ओलसर राहिलेल्या कोदोवर वाढणाऱ्या बुरशीमुळे सायक्लोपियाझोनिक आम्ल हे विष तयार होते. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस उमरिया जिल्ह्यातील बांधवगड परिसरात १० हत्ती मरण पावले, त्या तपासणीत हेच विष आढळले. कोदोला यासाठी दोषी ठरवणे चुकीचे होईल. कापणीच्या सुमारास पाऊस झाल्यास धान्य नीट वाळवून, तपासूनच शाळेत पोहोचवावे, एवढाच त्याचा अर्थ. अख्ख्या मूग-हरभऱ्याला भुंगेरा लागतो, म्हणून शाळेने कडधान्य वर्षभराचे न घेता महिन्याचे घेणे बरे.

पोषणाच्या धड्यात जीवनसत्त्वांची यादी पाठ करून घेतली जाते. त्याऐवजी शाळेच्या परसबागेत चवळीवरील मावा आणि तो फस्त करणारा ढालकिडा मुलांना दाखवला, तर भाजी कशी वाढते आणि फवारणी केव्हा अनावश्यक असते, हे दोन्ही एकदमच कळते. पानावरचे छिद्र पाहून भाजी नाकारणारे पालकही मग थोडे विचारात पडतील.

विस्तार कार्यकर्त्यांनी ही बोलणी शाळा आणि शेतकरी यांच्यात लागवडीआधीच घडवून आणावीत. जबलपूरच्या आगाप मटाराची पेरणी सप्टेंबरअखेरीस सुरू होते. शेंगांचे जवळपास निम्मे वजन सालीत जात असल्याने १० किलो दाण्यांसाठी सुमारे २० किलो शेंगा लागतात, आणि त्या सोलणार कोण, हेही त्याच बैठकीत ठरवून घ्यावे लागेल.