गाडीतळावरची गस्त आणि सभासदांचा ऊस

कॅमेरा हा काही शेतकी खात्याचा विषय नव्हे. आमचा विषय लागण, खोडवा, बेणे आणि तोडणीची पाळी. पण गाडीतळावर काही घडले की सभासद सिक्युरिटीकडे जात नाहीत, थेट गट ऑफिसात येतात. कॅमेरे त्यांचे आणि बोलणी आम्हाला, असा प्रकार आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

मागच्या गळीत हंगामात एक सभासद आले. त्यांची ट्रॉली रात्रभर नंबरात उभी होती. सकाळी पाहतात तर मागची दोरी सैल आणि मोळ्या ओढलेल्या. म्हणाले, "साहेब, वर तो डोळा फिरतोय ना गरागरा? मग दाखवा की कुणी ओढल्या!" आम्ही त्यांना घेऊन कंट्रोल रूममध्ये बसलो. पडद्यावर ट्रॉली दिसली, शाबूत. मग कॅमेरा गव्हाणीकडे गेला, गेटकडे गेला, कॅन्टीनकडे गेला, सगळे आवार हिंडून परत आला. तेव्हा दोरी लोंबत होती. मधले काहीच नाही. "मग हा फिरतो कशाला?" असे त्यांनी विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

नंतर कागदावर हिशोब मांडला. फिरत्या कॅमेऱ्याला मोटर असते आणि बघायच्या जागा त्याला शिकवाव्या लागतात. कोणत्या जागेनंतर कोणती, प्रत्येक ठिकाणी किती सेकंद थांबायचे, किती वेगाने वळायचे, एवढे भरून दिले की तो आपोआप गस्त घालतो. (मेनूत त्याला 'पेट्रोल' म्हणतात. आमच्या एका शिपायाने "महिन्याला किती लिटर लागतं?" असे विचारले होते!) बसवणाऱ्याने आपल्या कॅमेऱ्याला ८ जागा दिल्या, प्रत्येकी २० सेकंद, वळायला ३ सेकंद. म्हणजे फेरी १८४ सेकंदांची. त्यात नंबराच्या रांगेच्या वाट्याला २० सेकंद, बाकी १६४ सेकंद रांग उघडी. मोळी ओढायला अर्धा मिनिट पुरतो. आणि फिरत्या कॅमेऱ्यासमोर जे आले नाही ते रेकॉर्डिंगमध्येही नसते.

सभासदांनी एक ध्यानात घ्यावे. काट्यावर जाण्याआधी ओढलेली मोळी सभासदाची जाते, वजन झाल्यावर ओढली तर कारखान्याची. रांगेतला ऊस अजून तुमचाच आहे. मग गस्तीत पहिला मान रांगेचा नको का?

यात नवा खर्च नाही. एकच जागा गस्तीत पुन्हा पुन्हा घालता येते. रांग, टायरगाड्यांचा तळ, रांग, गव्हाण, रांग, बगॅसचा ढीग, अशी फेरी लावली तर ती १३८ सेकंदांत पुरी होते. त्यातले ६० सेकंद रांगेला मिळतात आणि रांग सलग २६ सेकंदांपेक्षा जास्त नजरेआड राहत नाही. बगॅसवरही दर फेरीला नजर जाते, धूर निघाला तर कळते. कॅन्टीन गस्तीत कशाला हवे? तिथून फार तर चहा चोरीला जाईल. काही मंडळी म्हणतील, जागा कमी केल्या तर बाकीचे आवार उघडे पडेल. पडेल, खरे आहे. तिथे राखणदाराने फिरावे. कॅमेरा आला म्हणून रात्रपाळीचा माणूस कमी करण्याच्या आम्ही विरुद्ध आहोत.

काटा मात्र गस्तीत घालू नये. तिथे जागेवरून न हलणारा कॅमेराच हवा, गाडीचा नंबर आणि काट्याचा आकडा एका चित्रात येईल असा. काट्याबद्दल सभासदांच्या मनात काय असते हे आम्ही बांधावर रोज ऐकतो. तिथे नजर २० सेकंदही हटली तर मनातली शंका हटणार नाही.

आणखी एक. ऑपरेटरने हाताने कॅमेरा वळवला की गस्त थांबते. तो तसाच सोडून गेला तर कॅमेरा सकाळपर्यंत भिंतीकडे बघत बसतो. ६० सेकंद कोणी हात लावला नाही तर गस्त आपोआप सुरू व्हावी, अशी सोय मेनूत असते. ती चालू करावी. जुने रेकॉर्डिंग आपोआप पुसले जाते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे बिल १४ दिवसांत द्यायचे असते. निदान बिल हातात पडेपर्यंत तरी चित्र शिल्लक असावे.

त्या दिवशी पडद्यावर आणखीही एक दिसले. गव्हाणीकडून गेटकडे वळताना कॅमेरा तोडणी मजुरांच्या कोप्यांवरून जातो. पहाटेची वेळ, फाटक्या पोत्यांचा आडोसा आणि आत अंघोळ करणाऱ्या बाया. आम्ही आणि ते सभासद, दोघांनीही माना खाली घातल्या. चित्रातला तेवढा भाग काळा झाकण्याची सोय कॅमेऱ्यात असते. कॅमेरा फिरला तरी झाकण त्या जागेवरच राहते. हे करायला हंगामाची वाट पाहू नये, आजच्या आज करावे. त्या बाया आपलाच ऊस तोडायला गाव सोडून आल्या होत्या.

बॉयलर पेटण्याआधी एका रात्री सिक्युरिटीचे साहेब, दोन वाहतूकदार सभासद आणि एक मुकादम यांनी तळावर बसून गस्त लावावी, असे आम्ही कार्यकारी संचालक साहेबांना लेखी कळवले आहे. दिवसा लावलेली गस्त अंधारात फसते. ट्रॅक्टरचा दिवा समोर आला की पडदा पांढराफटक होतो. मागच्या वर्षीच्या त्या सभासदांनाही आम्ही बोलावले आहे. ते म्हणाले, "येतो, पण ट्रॉली घेऊन येतो. तुम्ही खुशाल कॅमेरा लावा, मी मोळी ओढून दावतो."