दोन इंच गादी आणि विमानातील मागचा वर्ग

नव्या मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले व २५ डिसेंबरपासून तेथे प्रवासी वाहतूक सुरू झाली. त्यासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे आदी दहा गावांना आपली घरेदारे सोडावी लागली. कमळाच्या आकाराच्या त्या इमारतीची वर्णने पुष्कळ झाली. परंतु प्रवाशाचा त्या छताखालचा मुक्काम दोन-तीन तासांचा. युरोपच्या वाटेवर नऊ-दहा तास आणि अमेरिकेच्या वाटेवर पंधरा-सोळा तास तो राहतो एका खुर्चीत. त्या खुर्चीविषयी मात्र कोणी बोलत नाही.

वाशी, नेरूळ, खारघर येथून परदेशी सहलींना निघणाऱ्या गटांत कोण असते? ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार, शिक्षक, बँकांतील कर्मचारी. भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून आयुष्यात एकदा तरी जग पाहावे, ही त्यांची इच्छा असते. तिला चैन म्हणून हिणवण्याचा करंटेपणा समाजवाद्यांनी करू नये. श्रमणाऱ्याला विश्रांतीचा हक्क आहे, हे आपलेच म्हणणे आहे.

विमानातील हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी तितकी विरळ, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरच्याहूनही विरळ, आणि अतिशय कोरडी असते. हे सर्वांनाच सारखे. फरक आहे तो जागेचा. पुढच्या वर्गात खुर्चीचा पलंग होतो. मागच्या वर्गात एकेकाळी दोन रांगांत सुमारे पस्तीस इंच अंतर असे, ते एकतीसवर आणि काही कंपन्यांकडे अठ्ठावीसवर आले. माणसाचे गुडघे तेवढेच राहिले. वाढल्या त्या रांगा आणि नफा. चार तासांहून अधिक काळ हालचालीविना बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले. एकूण धोका थोडाच, सहा हजारांत एकाला. पण साठी उलटलेल्यांना तो अधिक.

यावर सहलीपूर्वीच्या बैठकीत उपदेश होतो : पाणी प्या, घट्ट मोजे घाला, अधूनमधून चाला. उपदेश योग्यच आहे. पण अडचण कंपनीने निर्माण करावयाची आणि ती सोसण्याची कला प्रवाशाने शिकावयाची, हा कोणता न्याय?

मागच्या वर्गाने सोसलेच पाहिजे, असा निसर्गनियम नाही. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाचा प्रवासी लाकडी फळीवर रात्र काढीत होता. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच गादी घालण्यास आरंभ केला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला गीतांजली एक्स्प्रेस वर्गविरहित गाडी म्हणून धावू लागली. वरच्याची गादी काढून घेण्याचा तेथे प्रश्न नव्हता. खालच्याची पाठ ही राज्यकर्त्याच्या विचाराची बाब ठरली, हे महत्त्वाचे. विमानाच्या बाबतीत अमेरिकेच्या संसदेने २०१८ मध्ये आसनाची किमान मापे वर्षभरात ठरविण्याचा आदेश दिला. मुदत उलटली, मापे ठरली नाहीत. कायद्यामागे लोकांचा रेटा नसला की असे होते.

तो रेटा कोठून यावा? सहलीच्या गटाकडे आपण या दृष्टीने पाहिलेले नाही. चाळीस तिकिटे एकत्र घेणारा गट ही बाजारातील शक्ती आहे. मात्र विमानात शिरताच तो चाळीस एकाकी माणसांत विखुरतो आणि खुर्ची मागे कलली म्हणून शेजाऱ्याशीच भांडतो. या गटांनी सहल ठरवितानाच रांगांतील अंतर लेखी मागावे, वृद्धांना मार्गिकेलगतची जागा आगाऊ राखून घ्यावी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आरोग्याच्या निकषावर किमान अंतर ठरवावे व ते तिकिटावर छापण्यास कंपन्यांना भाग पाडावे. नव्या मुंबईतील ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये वावरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ही मागणी हाती घ्यावी. दंडवत्यांची गादी दोनच इंचांची होती. येथेही लढा काही इंचांचाच आहे.